मैदानाचे बिऱ्हाड

मला फुटबॉलमधले काही कळत नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. कोल्हापुरात जन्मून आणि शिवाजी पेठेत वाढून असे म्हणणे म्हणजे पंढरपुरात राहून विठोबा पाहिला नाही म्हणण्यासारखे आहे, हे मी जाणतो. आमच्या गावी ज्या तालमींच्या मातीतून पैलवान उभे राहिले, त्यांतल्या कित्येक तालमींतून पुढे फुटबॉलचे संघही उभे राहिले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे इथे कोणी नुसत्या खेळाच्या संघांची म्हणून घेत नाही. कुळाची म्हणून घेतात. सोयरीक जमवताना गोत्र विचारायचे एखादे वेळी राहून जाईल, पण 'कुणाकडनं?' हे विचारायचे राहत नाही.

आमचे आबा या बाबतीत कडवे. ते छापखान्यात कंपोझिटर होते. दिवसभर उलटी अक्षरे वाचून डोळे शिणलेले असत. पण शाहू स्टेडियमवर सामना असला की त्याच डोळ्यांना पलीकडच्या टोकाच्या खेळाडूचा बूटसुद्धा दिसे. मी सहा-सात वर्षांचा असताना त्यांनी मला दोन-चारदा खांद्यावरून नेले. मी शेंगदाणे खाल्ले, ऊन लागले म्हणून कुरकुर केली, आणि नेमका गोल झाला तेव्हा माझे लक्ष आकाशातल्या घारीकडे होते. आबांनी मग माझा नाद सोडला. "हे मास्तर होणार," असे ते आईला म्हणाले. ते मी पुढे खरे करून दाखवले.

पण खेळ कळला नाही तरी आबांचे खेळाला जाणे मला तोंडपाठ आहे. तीनच्या सुमाराला चहा. पांढरी टोपी झटकून डोक्यावर. पावसाळा संपून महिने लोटले असले तरी हातात छत्री. उंबऱ्याबाहेर पडले की तालमीतल्या मारुतीला हात जोडायचे, कोपऱ्यावर दोन स्नेही वाट पाहत असायचे, ठराविक गाडीवरून शेंगदाण्याच्या पुड्या घ्यायच्या आणि गप्पा मारत चालत जायचे. बसायची पायरीही ठरलेली. संध्याकाळी परत आले की चपला काढण्याआधी, उंबऱ्यातच उभे राहून, ते आईला निकाल सांगत. आईला तो आधीच कळलेला असे. "बोळातनं येताना पायांचा आवाजच सांगतो," असे ती म्हणे. तरी ती दर वेळी विचारी आणि आबा दर वेळी सांगत. चाळीस वर्षे हा संवाद त्या उंबऱ्यावर झाला. आई गेली तीही त्याच घरात, माजघरात.

ते घर आम्ही २०२१ साली सोडले. 'आम्ही' म्हणणे हीदेखील कादंबरीकाराची सफाईच. सोडले ते मी. भिंतीला पोट आले होते, पावसाळ्यात चार ठिकाणी पातेली मांडावी लागत, चुलत भावांना आपापले वाटे हवे होते. सगळी कारणे खरी होती, आणि ती मी आबांना एखाद्या धड्यासारखी मुद्देसूद समजावून दिली. शहराबाहेरच्या फ्लॅटचा नकाशा त्यांच्यापुढे पसरला. पूर्वेची खिडकी दाखवली. लिफ्ट आहे म्हणून सांगितले. चोवीस तास पाण्याचे सांगितले. आबांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न केला, "सही कुठं करायची?"

मी बोट ठेवले, तिथे त्यांनी सही केली. किती समजूतदार म्हातारा, असे सगळे म्हणाले. मलाही ते पटले.

त्यानंतर आबा सामन्याला गेले नाहीत. गुडघा दुखतो म्हणत. "मोबाईलवर दिसतंय की सगळं," म्हणत. नातवाच्या मोबाईलवर ते सामना पाहत. पण गोल झाला तरी खुर्चीतून उठत नसत. मी ते पाहत होतो, आणि वय झाले म्हणत होतो.

२०२५ च्या दिवाळीत माझी बहीण माहेरी आली, आणि तिच्याबरोबर भाचाही आला. तो इंग्लंडात लिव्हरपूल शहरात एका हॉस्पिटलात काम करतो. आल्या आल्या त्याने आबांपुढे एक निळा गळपट्टा ठेवला. आबांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि कोल्हापुरी माणसाचा पहिला प्रश्न विचारला :

"तिकडं कुणाकडनं हाईस रे?"

"एव्हर्टनकडनं, आबा."

"आनि ते लिव्हरपूल?"

"ती समोरची पेठ!"

आबा खुर्चीत सरसावून बसले. चार वर्षांत मी त्यांना असे बसलेले पाहिले नव्हते. फराळाची ताटे मध्येच राहिली आणि गोष्ट सुरू झाली.

ती अशी. एव्हर्टन हा क्लब १८७८ साली एका चर्चच्या मंडळींनी काढला. १८८४ पासून ते ॲनफिल्डच्या मैदानावर खेळत. हो, आज जे लिव्हरपूल क्लबचे म्हणून जगाला ठाऊक आहे, तेच ॲनफिल्ड! जॉन हौल्डिंग नावाच्या बिअरच्या कारखानदाराशी भाड्यावरून बिनसले. क्लबच्या सभासदांनी सभा घेतली, आपसांत वाद घातले आणि ठरवले, की निघायचे. मधली बाग ओलांडून पलीकडे त्यांनी स्वतःचे मैदान उभारले. ते गुडिसन पार्क. उद्घाटन २४ ऑगस्ट १८९२. इकडे हौल्डिंगसाहेबांच्या हाती मैदान राहिले, पण खेळायला संघ नाही! म्हणून त्यांनी नवा संघ काढला, तोच लिव्हरपूल.

आबा खो खो हसले. "म्हंजे मालक-भाडेकरूचं भांडण! आनि त्यातनं दोन पेठा!"

गुडिसन पार्कवर एव्हर्टनने १३३ वर्षे बिऱ्हाड केले. भाच्याच्या तोंडून ऐकताना मला ते मैदान वाटेना, एखादा जुना नांदता वाडाच वाटू लागला. भोवती विटांच्या घरांच्या चिंचोळ्या गल्ल्या. मैदानाच्या एका कोपऱ्यात चक्क सेंट ल्यूकचे चर्च, दोन गॅलऱ्यांच्या मधोमध खांदा घालून उभे राहिलेले. सामन्याआधी मैदानाच्या कडेने एक मुलगी हातात टोपली घेऊन फिरते आणि काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या गोळ्या प्रेक्षकांत फेकते, तो रिवाज. डिक्सी डीन नावाचा त्यांचा मोठा खेळाडू. १९२७-२८ च्या एका हंगामात त्याने लीगमध्ये ६० गोल केले. तोच डीन म्हातारपणी, १९८० साली, लिव्हरपूलबरोबरचा सामना पाहायला आलेला असताना याच मैदानावर वारला. १९६६ च्या विश्वचषकात पोर्तुगालने उत्तर कोरियाला ५-३ असे हरवले, तेही इथेच.

"पण आबा," भाचा म्हणाला, "बसायची जागा म्हणाल तर हाल. जुनी लाकडी आसनं. मध्येच खांब. खांबामागं जागा मिळाली तर अर्धा गोल दिसायचा नि अर्धा शेजाऱ्यानं सांगायचा."

"मग नवं बांधायला काय झालं?"

तिथेच खरी गोष्ट होती. नव्या मैदानाचे बेत १९९० च्या दशकापासूनच चालले होते. किंग्ज डॉक या गोदीच्या जागेचा बेत पैशाअभावी २००३ साली बारगळला. मग २००६ साली क्लबने कर्कबीचा बेत पुढे आणला. कर्कबी हे लिव्हरपूलच्या हद्दीला लागून, पण हद्दीबाहेरचे गाव. गुडिसनपासून जेमतेम चार मैल. एका बड्या दुकान कंपनीच्या मदतीने तिथे नवे स्टेडियम व्हायचे आणि शेजारी तिचे भलेमोठे दुकान. हिशेब चोख होता. २००७ साली क्लबने पाठीराख्यांचे मतदान घेतले. सुमारे ५९ टक्के लोकांनी 'हो' म्हटले.

"मग संपलं की!" माझी बहीण म्हणाली.

"नाही ना संपलं, आई. भांडण तिथूनच पेटलं."

'आपला एव्हर्टन आपल्याच शहरात' अशा अर्थाचे नाव घेऊन पाठीराख्यांची एक चळवळ उभी राहिली. त्यांचे म्हणणे, चार मैल हे अंतर थोडे आहे, पण मध्ये शहराची वेस आहे. आपण वेशीबाहेर गेलो की शहर समोरच्या पेठेला आंदण दिल्यासारखे होईल. कामगारांनी, पोराबाळांनी तिथवर जायचे कसे? गाड्या पुरणार का? आणि दुकानाशेजारी एक स्टेडियम, की स्टेडियमचे निमित्त करून एक दुकान? त्यांची तक्रार मतदानावरही होती. जायचे तर कुठे कुठे जाता येईल, हे आमच्यापुढे मोकळेपणाने मांडलेच नाही. हीच जागा आहे, दुसरी नाही, आता बोला, असे विचारले.

मी करंजी उचलली होती, ती तशीच हातात राहिली. उत्तर आधीच घडी घालून खिशात ठेवलेला प्रश्न कसा असतो, हे मला दुसऱ्या कोणी सांगायला नको होते. मी तो नकाशासकट पसरला होता.

कर्कबीचा बेत सरकारने नोव्हेंबर २००९ मध्ये नाकारला. कारणे नगररचनेच्या नियमांची होती; तेवढ्या गावात तेवढे मोठे दुकान बसेना. पण ज्यांनी विरोध केला होता, त्यांच्या घरी त्या रात्री दिवाळी झाली असणार.

"म्हंजे मैदान हाललं न्हाई," आबा म्हणाले.

"हललं की, आबा. यंदाच हललं."

आता मात्र आबांनी चष्मा काढून पुसला. भाच्याने पुढचे सांगितले. नंतर क्लबने शहराच्याच हद्दीत, मर्सी नदीच्या काठी, ब्रॅमली-मूर डॉक नावाची १८४८ सालची जुनी गोदी निवडली. या वेळी नकाशे घेऊन क्लबचे लोक शहरभर फिरले, हजारो लोकांनी आपली मते कळवली. अडचणी तिथेही आल्या. जुन्या गोदीत समुद्रातली वाळू भरून त्यावर स्टेडियम उभारायचे म्हटल्यावर वारशाची हानी होते असा आक्षेप निघाला, आणि २०२१ साली युनेस्कोने लिव्हरपूलचे नाव जागतिक वारशाच्या यादीतून काढले. त्या कारणांत नदीकाठच्या इतर बांधकामांबरोबर हे स्टेडियमही होते. जवळचे स्टेशन लहान, सामना सुटल्यावर रांगा लागणार, ही कुरकुरही होतीच. आणि गुडिसनच्या गल्लीतल्या खानावळी, गुत्ते, चहाची दुकाने? सामन्याच्या गर्दीवर ज्यांची चूल पेटायची त्यांनी काय करायचे? असे असूनही, कर्कबीला 'नाही' म्हणणारे पुष्कळ लोक या गोदीला 'हो' म्हणाले. जागा दोन मैलांवर, पण वेशीच्या आत. नदी आपली, गोदीही आपलीच. कित्येकांचे आजे-पणजे तिथल्याच गोद्यांत राबलेले.

१८ मे २०२५ ला पुरुषांच्या संघाचा गुडिसनवरचा शेवटचा सामना झाला. साउदम्प्टनला त्यांनी २-० असे हरवले. भाच्याला तिकीट मिळाले नव्हते. तो बाहेर रस्त्यावरच्या हजारोंच्या गर्दीत उभा होता. त्याच्याजवळ एक म्हातारा भिंतीला तळहात टेकून नुसता उभा होता. आत चाललेल्या सामन्याकडे त्याचे लक्ष नव्हते. भाच्याने विचारले, "तुम्हांला बरं वाटत नाही का?" म्हातारा म्हणाला, "माझा बाप आत आहे." याला वाटले, वडील सामना पाहताहेत, पण एवढ्या वयाच्या माणसाचा बाप! मग त्या म्हाताऱ्यानेच उलगडा केला. बापाची रक्षा त्याने आपल्या हाताने त्या मैदानाच्या कडेला पुरली होती.

खोलीत सगळे गप्प झाले. भाचा म्हणाला, "तिकडे ही चालच होती. आठशेहून जास्त लोकांची रक्षा त्या मैदानाच्या कडेला पुरली आहे. शेवटी २००४ मध्ये क्लबला सांगावं लागलं, की आता जागा उरली नाही."

आमच्याकडे तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन होते. पंचगंगेला आपण माणूस सोपवतो आणि पाणी ते पुढे नेते. पण ज्यांनी आपले माणूस हिरवळीखाली ठेवले, त्यांना पाण्याची ही सोय नव्हती. मैदानाचे बिऱ्हाड हलवताना खुर्च्या नेता येतील, पाट्या नेता येतील. मातीत मिसळलेला बाप कोणत्या पेटीत घालायचा?

आबांनी फार हळू विचारले, "मग त्या मानसांचं काय केलं?"

"आधी बेत होता की जुनं मैदान पाडायचं, तिथं घरं वगैरे बांधायची आणि त्या लोकांचं स्मारक ठेवायचं. पण मे महिन्यात ठरलं की गुडिसन पाडायचं नाही. ते क्लबच्या महिला संघाला द्यायचं. आता तिथं मुली खेळतात."

"जुनं घर लेकीस्नी दिलं म्हन की," आबा म्हणाले. "हे ब्येस केलं. दिवा लावायला कोनतरी ऱ्हायलं." आणि थोडे थांबून, कुणाकडेच न पाहता म्हणाले, "इचारून गेलं की मानूस जातंय. न इचारता न्हेलं, तर सामान जातंय."

हे माझ्यासाठी होते की एव्हर्टनसाठी, मला सांगता येत नाही. आबांच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरे झाले असते; मला रागावता आले असते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. इतकी वर्षे मी समजत होतो, की म्हाताऱ्या माणसांचा विरोध असतो तो बदलाला. त्या परदेशातल्या पाठीराख्यांनाही मी प्रथम तसेच समजलो होतो : जुन्या विटा कवटाळून बसणारे भाबडे लोक. पण त्यांचा हिशेब माझ्याहून पक्का होता. खांब त्यांनाही नकोच होते. १८९२ साली त्यांच्याच पूर्वजांनी बिऱ्हाड हलवले होते, आणि ते सभा घेऊन. जाण्याला त्यांची ना नव्हती. आपल्याला कोणी न्यावे, ही गोष्ट त्यांना सोसवत नव्हती. आणि मी, रोज वर्गात पन्नास प्रश्न विचारणारा मास्तर, घरातल्या एका माणसाला एक प्रश्न विचारायचा विसरलो होतो. घर सोडावे लागलेच असते. भिंत खरोखरच पडायला आली होती. पण कुठे जायचे, पेठेतच दोन खोल्या मिळतात का पाहू या का, आईची तुळस कुठे ठेवायची, यातले काही त्यांच्या तोंडून यायला मी जागाच ठेवली नव्हती.

सकाळी आबा खिडकीशी बसले होते. मी दाखवलेल्या त्याच पूर्वेच्या खिडकीशी. मी चहा नेऊन दिला आणि विचारले, "आबा, तुम्हांला इथं करमतं का?"

त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिले. "चार वर्सांनी इचारलंस व्हय?"

"राहून गेलं, आबा. चुकलं माझं."

"करमतंय की. लिफ्ट हाय, पानी हाय. सूनबाई येळच्या येळी बघती. कशाला खोटं बोलू?" बशीतला चहा त्यांनी फुंकला. "पर इथनं म्याचला चालत जाता येत न्हाई."

गुडघ्याचे दुखणे त्या दिवशी मला पहिल्यांदा समजले.

हंगाम सुरू झाला तेव्हा मी एक दिवस रजा टाकून रिक्षा बोलावली. आबांनी पांढरी टोपी झटकली. आभाळ निरभ्र होते, तरी छत्री घेतली. रिक्षावाल्याला मी स्टेडियमचे नाव सांगितले. पण पेठेत शिरताच आबांनी त्याच्या पाठीवर छत्रीचे टोक टेकवले. "इथं थांब."

आमच्या घराच्या जागी आता चार मजले उभे होते. आबा तिथे फार रेंगाळले नाहीत. तालमीतल्या मारुतीला त्यांनी हात जोडले. कोपऱ्यावर दोघांपैकी एकच स्नेही होता. त्याने काही न बोलता आबांचा दंड धरला. शेंगदाण्याच्या गाडीवर आता बापाच्या जागी मुलगा होता. तीन पुड्या घेतल्या. "हितनं चालत," आबा म्हणाले, आणि आम्ही चालत गेलो. रस्ता ओलांडताना त्यांनी माझा हात घट्ट धरला. मी सहा-सात वर्षांचा असताना धरत तसाच.

खेळातले मला त्या दिवशीही काही कळले नाही. पण गोल झाला तेव्हा माझे लक्ष घारीकडे नव्हते. मी आबांकडे पाहत होतो. ते उठून उभे राहिले होते.

संध्याकाळी परतलो. लिफ्टने वर आलो. माझ्या पत्नीने दार उघडले आणि आत यायला ती बाजूला झाली. आबा आत गेले नाहीत. चपला न काढता उंबऱ्यातच उभे राहिले. ती बिचारी गोंधळून माझ्याकडे पाहू लागली. मी तिला खुणेने सांगितले. मग तिने पदर सावरला आणि विचारले,

"काय झालं, मामंजी? जिंकलं की हरलं?"

आणि आबा सांगू लागले.